फ्रेट बदलून आठ महिने झाले

माझी स्ट्रॅटच्या (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरच्या) घाटाची इलेक्ट्रिक गिटार 1998 ची. गणपतीतला ऑर्केस्ट्रा, लग्नं, कॉलेजचं गॅदरिंग, सगळं तिनं सोसलंय. पहिल्या तीन फ्रेटवर, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, पातळ तारांखाली नख फिरवलं की खड्डे लागायचे. बाराव्याच्या पुढं तार ओढली की सूर मध्येच गप्प. "नवी घे की भावा," सगळ्यांचं एकच. पण नेक (गिटारचा दांडा) हाताला बसलेली, ती कुठल्या दुकानात मिळणार?

नोव्हेंबरात काम केलं कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या काकांनी. ते मूळचे सतारीचे कारागीर, मिरजेत शिकलेले. गिटार बघून म्हणाले, "सतारीचा पडदा दोऱ्यानं बांधलेला असतोय, बेसूर झाला तर सरकवायचा. तुझा हा ठोकलेला. चुकला की चुकला." आयुष्यभर जवारी काढलेला माणूस, म्हणजे तारेची झणझण मुद्दाम आणणारा. मला नेमकी तीच घालवायची होती!

ज्या तारेचे तुकडे कापून फ्रेट बनतात, ती तार निवडण्यात माझा आठवडा गेला. निकेल सिल्व्हर म्हणजे नावात चांदी, अंगात तांबं, निकेल आणि जस्त. स्टेनलेस स्टील कितीतरी कडक, पण कानशी खातं. काका स्टीलला हात लावेनात, मग निकेल सिल्व्हरच घेतली. दीड मीटर तार 22 फ्रेटना पुरून थोडी उरली.

जुने फ्रेट सोल्डरिंग आयर्ननं तापवून पकडीनं हळूहळू उचलले, तरी चौथ्याजवळ रोजवूड लाकडाची खपली निघालीच. ती सुपरग्लूनं जागेवर बसवली. नवी तार फ्रेटबोर्डाच्या (नेकवरच्या लाकडी फळीच्या) गोलाईपेक्षा जरा जास्त वाकवून ठोकायची, म्हणजे टोकं उचलत नाहीत. हे काकांना मी सांगितलं, आणि ते हसले. त्यांना ते माझ्या जन्माआधीपासून माहीत असावं.

खरा कस लागला सगळे फ्रेट एका पातळीत आणताना. त्यासाठी पोलादी पट्टी उद्यमनगरातून सरफेस ग्राइंडिंग करून (मशीनवर एकदम सपाट घासून) आणली होती. फ्रेटच्या माथ्यावर मार्करची शाई लावायची, पट्टीला चिकटवलेल्या पॉलिश पेपरनं घासायचं, आणि जिथं शाई उरते तो फ्रेट खाली आहे असं समजायचं. चौदाव्यावर शाई हटेना. तो काढून परत ठोकला. मग प्रत्येकाचा माथा पुन्हा गोल करायचा, कारण सपाट माथ्यावर सूर नेमका कुठून सुटतो तेच ठरत नाही. या कामात दोन संध्याकाळी गेल्या.

एक गोष्ट आम्ही दोघंही विसरलो: नट, म्हणजे नेकच्या टोकाची, तारा ज्याच्या खाचांतून जातात ती पट्टी. फ्रेट उंच झाले, नटच्या खाचा जुन्याच राहिल्या, आणि मोकळ्या तारा पहिल्या फ्रेटवर खडखडायला लागल्या. नटखाली कागद घालून महिना काढला. शेवटी हाडाचा नवा नट करून घेतला. हा खर्च आधीच धरायला हवा होता.

आता वापराचं. तार ओढताना लोण्यासारखी सरकते, अठराव्यावरही सूर तुटत नाही. पण एप्रिलात लाकूड आक्रसलं, फ्रेटची टोकं बाहेर आली आणि हाताला ओरखडे बसू लागले. काकांनी बारीक कानस मारून दिली, पैसे घेतले नाहीत. पाऊस सुरू झाल्यावर नेक हलली, तेव्हा ट्रस रॉडला (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईला) पाव आटा दिला.

काल तिसऱ्या फ्रेटवर, बी तारेखाली, उजेडात धरल्यावर एक बारीक रेघ दिसली.