नावाहो कोरीव फुलदाणी: काही महिने घरात वागवल्यावर

नावाहो ही अमेरिकेतली एक आदिवासी जमात. न्यू मेक्सिकोतल्या गॅलपहून आणलेली तिची कोरीव फुलदाणी आमच्या फिनिक्सच्या घरी चांगली रुळली आहे. दिसण्याबाबत पैसे वसूल. काळ्या आणि विटकरी रंगावर अणकुचीदार हत्याराने खरवडून नक्षी काढलेली, त्यामुळे खालची पांढरी माती रेघेरेघेने उघडी पडते. बोट फिरवलं की खाचा लागतात. पिसांच्या नक्षीत एका ठिकाणी हात जरासा घसरलाय. मला नेमकी तीच जागा आवडते. तळाला कारागिराची सही आहे.

पण जुन्या पद्धतीची वस्तू समजून ही घेऊ नका. अशा बहुतेक कोरीव भांड्यांचं अंग साच्यात ओतलेलं असतं. आत हात घातला तर भिंत सगळीकडे सारख्याच जाडीची लागते. रंग आणि कोरीवकाम तेवढं हाताचं. दुकानदाराने विचारल्यावर हे सरळ सांगितलं, किंमतही त्याच मानाने होती.

परंपरेतलं नावाहो मडकं वेगळंच. मातीच्या वळ्या एकावर एक चढवून घडवायचं, उघड्यावर ज्युनिपरच्या लाकडात भाजायचं आणि गरम असतानाच पिन्यॉन पाइनची राळ चोपडायची. ॲरिझोनाच्या नावाहो कुंभार ॲलिस क्लिंग यांची दगडाने घोटलेली, तांबूस चकाकीची मडकी याच घराण्यातली. तसं एक छोटं मडकं मी नंतर घेतलं. अंगावर आगीचे काळपट डाग, काठाखाली मातीची बारीक माळ, आणि ती माळ एका जागी मुद्दाम तुटकी ठेवलेली. इथल्या उन्हाळ्यात खिडकीत ठेवलं की राळ चिकट होते, खोलीभर वास सुटतो. आईला तो वास इतका आवडला की ती मडकं हलवू देत नाही!

फुलदाणीला झिलई नाही, म्हणून पाणी घालत नाही. सुकी फुलंच ठेवतो. धूळ खाचांत बसते, ती कोरड्या मऊ ब्रशने निघते. ओलं फडकं नकोच. हळदीकुंकवाला आलेल्या कुणाचं तरी बोट लागलं, ती पिवळी झालेली रेघ अजून तशीच आहे.

घेताना पावतीवर कारागिराचं नाव आणि जमात लिहून घ्या. आदिवासींनी न बनवलेला माल त्यांचा म्हणून विकायला अमेरिकेत १९९० च्या कायद्याने बंदी आहे, तरी नकली माल मिळतोच. भेट द्यायला कोरीव फुलदाणी बरी, स्वतःसाठी मात्र थोडे जास्त मोजून राळेचंच मडकं घ्या. भारतात नेणार असाल तर हातातल्या बॅगेतच.