स्पॉन्सरशिपच्या नावाखाली गेलेले 48,400 रुपये

मी दारव्हा तालुक्यातला. घरी सहा एकर वावर, पऱ्हाटी आणि सोयाबीन. 2015 साली मोटारसायकलस्वार सी. एस. संतोष डकार रॅली, म्हणजे कच्च्या रस्त्यांवरची ती लांब, अवघड शर्यत, पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला तेव्हा मी शाळेत होतो. तेव्हापासून गाडी मातीत पळवायचा ध्यास आहे. जुनी एक्सपल्स 200 मोटारसायकल घेतली, पांदणीत आणि खदानीत सराव केला, नागपूरकडच्या एका डर्ट ट्रॅक शर्यतीत नवशिक्यांच्या गटात तिसरा आलो. पण पुढं जायचं तर टायर, सस्पेन्शन, बूट, चेस्ट गार्ड, प्रवास. कापसाच्या पैशात हे बसत नाही. म्हणून ऑइल, टायर आणि हेल्मेटच्या कंपन्यांना तीसेक मेल टाकले. एकाचंही उत्तर आलं नाही.

मग एक फोन आला. "भाऊ, तुमचा उडीचा व्हिडिओ पाहिला. आमच्या हातात एका मोठ्या ऑइल ब्रँडचं बजेट आहे." माणूस गोड बोलायचा. माझा तिसरा नंबर, गाडीचं मॉडेल, सगळं त्याला माहीत होतं. आता कळतं की ते सगळं मीच माझ्या प्रोफाइलवर टाकलं होतं. त्यानं वर्षाला तीन लाखांचा करार पाठवला, लोगोसकट. आई त्या रात्री झोपली नाही, आनंदानं.

आधी नोंदणी फी मागितली: 5,000 आणि वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 5,900. बिल आलं, त्यामुळं विश्वास बसला. मग रेसिंग लायसन्स आणि विम्याचे 17,500. शेवटी "परत मिळणारं डिपॉझिट" 25,000. हे शेवटचे पैसे बाबांनी घरात ठेवलेलं सोयाबीन भाव वाढायची वाट न पाहता अडत्याकडे घालून दिले. त्यानंतर फोन बंद.

ते बिल नंतर नीट पाहिलं. पत्ता पुण्याचा, जीएसटी नंबर मात्र 07 नं सुरू होणारा. 07 म्हणजे दिल्ली, महाराष्ट्राचा 27 असतो. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की तो कोणाच्या नावावर आहे ते फुकट दिसतं. मला दोन मिनिटं लागली, पण पैसे गेल्यावर. खातंही कंपनीचं नव्हतं, कोण्या बाईच्या नावाचं बचत खातं होतं.

लायसन्सचं तर सरळ आहे. ते एफएमएससीआय, म्हणजे देशातल्या मोटर शर्यतींची संघटना, देते, अर्ज रायडरनं स्वतः करायचा आणि फी तिथंच भरायची. मधल्या माणसाचं काम नाही. शर्यतीतल्या जुन्या पोरांना विचारलं तर ते म्हणाले, आमच्यासारख्यांना पहिल्यांदा रोख कोणीच देत नाही. दोन डबे ऑइल, टायरवर सूट, फार तर एखाद्या शर्यतीची एन्ट्री फी. बदल्यात गाडीवर स्टिकर आणि फोटो. हे मी आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आपल्याकडं शंकरपट होतो, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. प्रवेश फी मंडळ घेतं, ते ठीक. पण माइकवर बक्षीस जाहीर करणारा दाता जोडीवाल्याकडून कधी डिपॉझिट मागतो का? स्पॉन्सर तोच दाता आहे. त्याच्याकडून पैसा आपल्याकडं यायचा असतो.

माझी सगळ्यात मोठी चूक म्हणजे लाजेपोटी नऊ दिवस गप्प राहिलो. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा असतो तो त्याच तासात, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. मी केला तेव्हा त्या खात्यात 3,200 उरले होते, तेवढेच गोठवले गेले. तक्रारीचा नंबर, बिल आणि कॉल रेकॉर्डिंग जपून ठेवलंय. परवा वणीकडच्या एका पोराला तसाच फोन आला, आवाजही तोच वाटला. त्यानं 5,900 भरायच्या आधी मला विचारलं. त्याचं रेकॉर्डिंगही घेतलं आणि दोन्ही घेऊन सोमवारी आम्ही यवतमाळच्या सायबर पोलिसांकडं जातोय.