डीव्हीडीच्या जागी एसएसडी: पैसे मोजण्याआधी खाचेत काय बसवलंय ते बघा

दहा-बारा वर्षांचा लॅपटॉप चालू व्हायला पाच मिनिटं घेऊ लागला की मालक तो दुकानात नेतो. दुकानदार लॅपटॉप पालथा करतो, डीव्हीडी रायटरवर बोट ठेवतो आणि म्हणतो, "हे आता कोण वापरतं? काढून टाकू, कॅडीत एसएसडी बसवू, विंडोज मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा." एसएसडी म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर डेटा साठवणारी, हार्ड डिस्कहून कितीतरी वेगवान डिस्क; ती घालण्याचा सल्ला चुकीचा नाही. अशा लॅपटॉपला एसएसडीइतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. आणि सल्ला खरा असल्यामुळेच पुढची लबाडी लपते. लॅपटॉप संध्याकाळी खरंच वेगाने सुरू होतो, मालक खूश होऊन पैसे देतो, आणि खाचेत काय बसलंय ते झाकणाआड राहतं.

कॅडी म्हणजे डीव्हीडी रायटरच्या आकाराची रिकामी चौकट, बस. एका बाजूला लॅपटॉपमध्ये जाणारा बारीक सॅटा जोड (सॅटा म्हणजे डिस्क लॅपटॉपला जोडायची ठरलेली पद्धत), ज्यात डेटाच्या ७ आणि विजेच्या ६ पिना. दुसऱ्या बाजूला अडीच इंची डिस्कचा नेहमीचा जोड, ७ आणि १५ पिनांचा. किंमत काहीशे रुपये. त्यामुळे कॅडीत फारसं लुटण्यासारखं काही नसतं. पैसा खाल्ला जातो तो कॅडीच्या आत, आणि कॅडीच्या निमित्ताने बाहेर निघालेल्या सामानात.

सगळ्यात निर्लज्ज प्रकार आधी. एसएसडी बसवलेलीच नसते. जुन्या हार्ड डिस्कचे दोन भाग करायचे, पहिल्यावर नवी कोरी विंडोज टाकायची, त्या भागाला 'एसएसडी' असं नाव द्यायचं आणि खाचेत रिकामी कॅडी सरकवायची. वर्षानुवर्षांचा कचरा गेल्यामुळे लॅपटॉप आठवडा-दोन आठवडे बरा चालतो, मग पुन्हा जैसे थे. ड्राइव्हला दिलेलं नाव म्हणजे दारावरची पाटी, ती कोणीही बदलू शकतो. पडताळणी एका मिनिटाची आहे. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या पानावर जा. डिस्क ० आणि डिस्क १ अशा दोन वेगळ्या ओळी दिसायला हव्यात. सी आणि डी ही दोन्ही अक्षरं डिस्क ० च्याच ओळीत असतील तर आत एकच डिस्क आहे, विषय संपला. विंडोज १० च्या अलीकडच्या आवृत्त्यांत तिथेच एसएसडी की एचडीडी हेही लिहिलेलं असतं.

दुसरा प्रकार जास्त चालतो, कारण तो पकडायला थोडं बघावं लागतं: एसएसडी असते, पण नवी नसते, किंवा सांगितली तेवढी नसते.

वापरलेली एसएसडी ओळखायला क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. ते उघडल्यावर वर डिस्कचं मॉडेल, सीरियल नंबर, किती वेळा चालू झाली आणि एकूण किती तास चालली हे दिसतं. नव्या डिस्कवर विंडोज टाकून दिली असेल तर तासांचा आकडा एक, दोन, फार तर पाच. तिथे ९,००० दिसले तर ती डिस्क रोज आठ तास धरून तीनेक वर्षं कुठल्यातरी ऑफिसात राबून आलेली आहे. "टेस्टिंगमध्ये चढतात तास" हे उत्तर हमखास मिळतं. टेस्टिंग वर्षभर चालत नाही, एवढंच त्यावर म्हणायचं. खालच्या यादीतले कच्चे आकडे बहुधा हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या अंकपद्धतीत, असतात, ते बघून घाबरू नका आणि त्यावरून कोणी घाबरवलं तरी ऐकू नका. वरच्या कोपऱ्यातले साधे आकडे वाचा.

हा तासांचा आकडा मागे फिरवता येतो, हेही खरं. म्हणून तेवढ्यावर थांबू नये. स्क्रीनवरचा सीरियल नंबर, डिस्कच्या लेबलवरचा आणि बिलावरचा, हे तिन्ही अक्षरन्‌अक्षर जुळले पाहिजेत. नामांकित कंपनीची डिस्क असेल तर तोच नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटी कधी संपते ते दिसतं. लेबल एका कंपनीचं आणि स्क्रीनवर मात्र नुसतं 'एसएसडी २५६जीबी' असं बिननावाचं मॉडेल, तर लेबल घरी छापलेलं आहे असं खुशाल धरा. एक सावधगिरी मात्र ठेवा: डिस्क हाताला हलकी लागली म्हणून ती बनावट ठरत नाही. खऱ्या एसएसडीच्या प्लास्टिकच्या खोक्यातही बऱ्याचदा बोटभर लांबीचीच सर्किट पट्टी असते.

क्षमतेची लबाडी याहून घातक. अशा डिस्कच्या कंट्रोलरमध्ये (डिस्क चालवणाऱ्या चिपमध्ये) फेरफार करून ती ६४ जीबीची असताना ५१२ जीबीची असल्याचं सांगायला लावलेलं असतं. विंडोज बिचारी त्यावर विश्वास ठेवते. पहिले ५०-६० जीबी व्यवस्थित जातात. त्यापुढे लिहिलेलं कुठेच साठत नाही, किंवा आधीच्याच डेटावर लिहिलं जातं. फाइलींची नावं आणि आकार जिथे नोंदले जातात तो भाग शाबूत असतो, म्हणून यादीत लग्नाचे सगळे फोटो दिसत राहतात. उघडायला गेलं की अर्धा फोटो करडा. तोवर दुकानाची 'सात दिवस टेस्टिंग वॉरंटी' कधीच संपलेली असते.

इथे एक गोंधळ टाळायला हवा. २४० जीबीची डिस्क विंडोजमध्ये २२३, २५६ ची २३८, ५१२ ची ४७६ आणि १ टीबीची ९३१ जीबी दिसते. ही फसवणूक नव्हे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या. खरी तपासणी म्हणजे डिस्क भरून बघणं. एच२टेस्टडब्ल्यू हे जुनं, छोटं, फुकट सॉफ्टवेअर मोकळी जागा पूर्ण भरतं आणि लिहिलेलं परत वाचून ताडतं. २५६ जीबीला अर्धा-पाऊण तास, स्वस्त डिस्कला जास्त. दुकानात एवढं कोणी थांबू देत नाही, म्हणून घरी नेल्यावर त्याच रात्री लावा, निकालाच्या स्क्रीनचा फोटो काढा आणि भरलेल्या फाइली मग पुसून टाका. एकही चूक निघाली तरी डिस्क परत करायची, "फॉरमॅट मारून देतो" हे ऐकायचं नाही. फॉरमॅटने क्षमता वाढत नसते.

आता वेगाबद्दल, कारण इथे दुकानदार ग्राहकाला फसवतो तसाच कधी कधी ग्राहकही दुकानदारावर विनाकारण आळ घेतो. सॅटाच्या तीन पिढ्या आहेत: सेकंदाला १.५, ३ आणि ६ गिगाबिट, म्हणजे कागदावर १५०, ३०० आणि ६०० एमबी. खोक्यावर '५५० एमबी प्रति सेकंद' छापलेली एसएसडी ३ गिगाबिटच्या पोर्टवर २६०-२७० च्या पुढे जात नाही आणि १.५ वर १३०-१४० लाच अडते. २०११ च्या सँडी ब्रिज पिढीच्या इंटेल लॅपटॉपांत चिपसेटचे (मदरबोर्डवरच्या, पोर्ट सांभाळणाऱ्या चिपचे) पहिले दोनच पोर्ट ६ गिगाबिटचे, बाकीचे ३ चे. डीव्हीडीला सहसा या बाकीच्यांपैकी एक दिलेला असतो, कारण डीव्हीडीला वेग लागतोच कुठे! क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ट्रान्सफर मोडपुढे 'सॅटा/३०० | सॅटा/६००' असं काही दिसतं. डावा आकडा सध्या मिळणारा वेग, उजवा डिस्कची ताकद. ही तफावत दाखवून कोणी "मदरबोर्डची आयसी गेलीय, अडीच हजार पडतील" म्हणाला तर लॅपटॉप उचला आणि बाहेर पडा. आयसी ठणठणीत आहे, पोर्टच तेवढ्याचं आहे.

म्हणूनच एसएसडी कॅडीत टाकणं हेच मुळात चुकीचं काम आहे. एसएसडी मुख्य जागी, जिथे हार्ड डिस्क होती तिथे, आणि जुनी हार्ड डिस्क कॅडीत: हा बरोबर क्रम. मुख्य जागेचा पोर्ट सहसा वेगवान असतो. शिवाय काही लॅपटॉपांचं बायोस (विंडोजच्या आधी चालणारं मूळ सॉफ्टवेअर) डीव्हीडीच्या खाचेतल्या डिस्कवरून सुरूच होत नाही. तरीही दुकानात एसएसडी कॅडीत जाते, कारण डीव्हीडी एका स्क्रूवर निघते, तर मुख्य डिस्कसाठी बऱ्याच मॉडेलांत सगळं तळ उघडावं लागतं. दहा मिनिटांचं काम करून तासाभराची मजुरी लावली जाते.

आणि त्याहून साधा प्रश्न: कॅडी हवीच कशाला? एका एसएसडीत तुमचं सगळं मावत असेल तर ती हार्ड डिस्कच्या जागी बसवा, डीव्हीडीला हात लावू नका. विशेषतः जुन्या हार्ड डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पिवळ्या रंगात दिसत असेल, 'पेंडिंग सेक्टर'च्या (नीट वाचता न येणाऱ्या जागांच्या) ओळीत शून्याव्यतिरिक्त काही असेल, तर ती कॅडीत ठेवणं म्हणजे नव्या गाडीला पंक्चर चाक. खराब सेक्टर वाचायला डिस्क पुन्हा पुन्हा धडपडते, विंडोज तिची वाट बघत थांबते आणि एसएसडी असूनही फोल्डर उघडताना लॅपटॉप गोठतो. मग त्याच दुकानात 'व्हायरस काढायचे' पैसे वेगळे.

कॅडीच्या मापात दोन जाड्या प्रामुख्याने लागतात, १२.७ आणि ९.५ मिलिमीटर. १२.७ ची कॅडी ९.५ च्या खाचेत जातच नाही, त्यामुळे ती चूक लगेच कळते. उलटी चूक कळत नाही. ९.५ ची कॅडी १२.७ च्या खाचेत सहज शिरते, पण ३.२ मिलिमीटर मोकळी राहते. लॅपटॉप उचलला की ती हलते, जोड क्षणभर सुटतो आणि चालू विंडोज निळ्या पडद्यावर आपटते. यावर "एसएसडी गेली, नवी घ्या" असं निदान मिळतं. आधी कॅडी बोटाने हलवून बघा. माप घ्यायचं ते डीव्हीडीच्या पत्र्याच्या अंगाचं, पुढच्या प्लास्टिकच्या पट्टीचं नाही. ती पट्टी मूळ डीव्हीडीची काढून कॅडीला लावायची असते. डीव्हीडीच्या बारीक भोकात सरळ केलेली पेपरक्लिप खुपसली की ट्रे बाहेर येतो, मग पट्टीच्या खिट्ट्या हलकेच दाबायच्या. मागची छोटी पत्र्याची पकडही दोन स्क्रूंसकट कॅडीवर आली पाहिजे, नाहीतर तळाचा स्क्रू कशालाच धरत नाही.

डिस्क दिसतच नसेल तर लगेच "पोर्ट जळालं" मान्य करू नका. पुष्कळ कॅडींच्या कडेला तीन खाचांचं एक इवलंसं बटण असतं, वेगवेगळ्या कंपन्यांच्या लॅपटॉपांसाठी. ते लॅपटॉप बंद करून, चार्जर आणि बॅटरी काढून, दुसऱ्या खाचेवर सरकवून बघा. २००८ च्या आसपासच्या किंवा आधीच्या लॅपटॉपात डीव्हीडी ५० पिनांच्या आयडीई या सॅटाआधीच्या जुन्या जोडाची असू शकते. तिला सॅटाची कॅडी बसतच नाही. आयडीईची वेगळी कॅडी लागते आणि तिचा वेग इतका बेताचा की पैसे न घातलेलेच बरे.

लॅपटॉप उघडला गेला की बाकीच्या सामानालाही पाय फुटतात. ८ जीबीची रॅम ४ ची होते, बॅटरी बदलली जाते. लॅपटॉप देण्याआधी रॅमचा आकडा, बॅटरीवरचा नंबर आणि जुन्या डिस्कचा सीरियल नंबर यांचे फोटो काढून ते दुकानदाराच्या देखत, त्यालाच व्हॉट्सॲपवर पाठवा. एवढ्यानेही बराच फरक पडतो. काढलेली डीव्हीडी 'भंगार' म्हणून दुकानात राहू देऊ नका, ती तुमची आहे. जुनी हार्ड डिस्क तर कधीच सोडू नका. "एक्स्चेंजमध्ये तीनशे कमी करतो" या मोबदल्यात आधार, पॅन, बँकेची पासबुकं, घरातल्या माणसांचे फोटो असा ऐवज परक्याच्या हाती जातो. पुसलेल्या फाइली साध्या सॉफ्टवेअरनेही परत निघतात.

विंडोजच्या नावाखाली घेतलेले पैसेही तपासा. लॅपटॉपवर विंडोज १० आधी रीतसर सुरू असेल तर त्याचं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं, डिस्क बदलल्याने ते जात नाही. तरीही 'ओरिजिनल लायसन्स' म्हणून बिलात हजार-दीड हजार लागतात. सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनच्या पानावर 'तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेद्वारे' अशा अर्थाची ओळ असेल तर घरगुती लॅपटॉपवर कुठल्यातरी जुगाडू सॉफ्टवेअरने ते केलेलं आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (मदरबोर्डवरची सुरक्षेची सोय) आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, आणि डीव्हीडीवाले बहुतेक लॅपटॉप त्याआधीचे आहेत. त्यावर ११ टाकता येत नाही असं नाही, पण ती पळवाट असते, हे सांगून टाकणारा दुकानदार विरळा.

"बिल हवं असेल तर १८ टक्के जीएसटी वेगळा" हे वाक्य मुंबईत लॅमिंग्टन रोडला ऐकू येतं तसं तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरही. द्या ते १८ टक्के. बिलावर डिस्कची कंपनी, क्षमता, सीरियल नंबर आणि वॉरंटीचा काळ लिहून घ्या. 'एसएसडी विथ फिटिंग' एवढंच लिहिलेली कच्ची पावती हातात असेल तर कोणती डिस्क विकली होती हेच सिद्ध करता येत नाही.

फसवणूक उघड झाल्यावर डिस्क रागाने उघडू नका, सील तुटलं की दुकानदाराला तेवढं निमित्त पुरतं. स्क्रीनचे फोटो, बिल आणि यूपीआयची नोंद एकत्र ठेवा, लेखी मागणी व्हॉट्सॲप किंवा ईमेलने करा आणि सात दिवस द्या. नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावा. तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील लागतोच असं नाही. डिस्क ऑनलाइन मागवली आणि विक्रेता पैसे घेऊन गायब झाला असेल तर त्यासाठी १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक, आणि तिथे फोन त्याच दिवशी गेला पाहिजे, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच हाती लागतात.