सातचा पाढा की लॉगॅरिथम?

कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, असं म्हणतात. सातने गुणणं सोपं. आमची लॅब्रेडोर 10 वर्षांची, म्हणजे सत्तरीची आजी, संपला हिशेब. पण वर्षाच्या कुत्रीला पिल्लं होऊ शकतात, सात वर्षांच्या पोरीचं काय? पाढा तिथेच फसतो.

2020 साली सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी 104 लॅब्रेडोरांच्या डीएनएवरच्या मिथाइल खुणा (वयानुसार बदलणाऱ्या रासायनिक खुणा) तपासून दुसरं सूत्र मांडलं: वयाचा नैसर्गिक लॉगॅरिथम (कॅल्क्युलेटरवरचं ln, आधी झपाट्याने आणि मग हळूहळू वाढणारा आकडा) गुणिले 16, अधिक 31. यानुसार 1 वर्षाचं कुत्रं 31 चं, 4 चं 53 चं, 10 चं 68 चं. म्हणजे आमच्या आजीबाईंच्या बाबतीत दोन्ही हिशेब जवळपास जुळले! वर्षाच्या पिल्लाला मात्र एकतिशी जरा जास्तच वाटते (या वयात चपला कोण कुरतडतं?). शिवाय सूत्र एकाच जातीवर बेतलेलं. धिप्पाड ग्रेट डेन लवकर थकतो, चिमुकला पॉमेरेनियन चौदाव्या वर्षीही बागडतो. तरी मी लॉगॅरिथमच्याच बाजूने. निदान पहिली वर्षं भरभर आणि पुढची सावकाश जातात, एवढं तरी त्याला कळतं.