गलाई की कंपनी?

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडची पोरं गाव सोडतात ती एकतर चाकणच्या कंपनीत नाहीतर पाहुण्याच्या गलाई दुकानात (म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायच्या दुकानात), पार केरळ-तामिळनाडूपर्यंत. कंपनीत पगार ठरलेला, पीएफ कटतो, पण कॉन्ट्रॅक्ट संपलं की परत गेटवर उभं राहायचं. गलाईत सुरुवातीला पगार नावालाच, दिवसभर मूस (सोनं वितळवायचं भांडं), भट्टी, अॅसिडचा धूर आणि सोनं दुसऱ्याचं, कमी भरलं तर पदरचं घाला. पण पोरगं एकदा सोनं आटवायला शिकलं, तिथल्या सराफांशी त्यांच्या भाषेत बोलायला लागलं की काही वर्षांत स्वतःचं दुकान टाकतं अन् गावाकडून अजून दोघांना बोलवून घेतं, हे कंपनीत होतच नाही. पाहुणा भरवशाचा असेल तर माझं मत गलाईलाच, फक्त दुकानातनं धूर बाहेर जायची सोय आहे का ते आधी बघून या.