आरोपी मूल: कोर्टात हजेरी की व्हिडिओ लिंक?

प्रवास आणि गर्दी टळते म्हणून लिंक सोयीची वाटते. बचावासाठी मात्र ती कमजोरच. साक्षीदार चुकीचं बोलला तर मुलाने त्याच क्षणी वकिलाच्या कानात सांगायला हवं. लिंकवर ते जमत नाही. आवाज तुटतो, आणि न समजताच मूल मान डोलावतं.

नुसती हजेरीही पुरत नाही. ब्रिटनमधल्या एका खटल्यात आरोपी मुलांना समोरचं दिसावं म्हणून आरोपीचा पिंजरा उंच केला, त्याने ती सगळ्यांच्या नजरेत आणखीच उघडी पडली. १९९९ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने सुनावणी न्याय्य नव्हती असं ठरवलं. म्हणून मुलाला वकिलाशेजारी बसवा, एका वेळी एकच छोटा प्रश्न विचारा, मध्ये विश्रांती द्या. लिंक फक्त पुढची तारीख घेण्यापुरती, तीही वकिलाशी खासगीत बोलणं झाल्यावरच.