मेकॅनिकल की टिश्यू झडप: रक्तप्रवाह कुठे अडतो?

हृदयात बसवलेली दोन पाकळ्यांची मेकॅनिकल (कृत्रिम) झडप उघडली की रक्ताला तीन वाटा मिळतात: बाजूच्या दोन रुंद, मधली चिंचोळी. मधल्या फटीत वेग स्थानिक पातळीवर वाढतो, त्यामुळे इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) डॉपलर (रक्ताचा वेग मोजणारं तंत्र) झडपेच्या दोन बाजूंमधला दाबफरक प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवू शकतो. आकडा पाहून लगेच घाबरू नये. पाकळ्या पूर्ण हलतात का, ते फ्लुरोस्कोपीत (हलत्या एक्स-रे चित्रात) पाहावं. बंद असतानाची बारीक गळतीही मुद्दाम ठेवलेली असते, बिजागरीपाशी गुठळी धरू नये म्हणून. तरी वॉरफरिन (रक्त गोठू न देणारं औषध) कायमचं.

टिश्यू (प्राण्यांच्या ऊतीपासून बनवलेल्या) झडपेत वाट एकच, मधोमध. प्रवाह नैसर्गिक झडपेच्या जवळ जाणारा, पण आधाराचा सांगाडा आणि शिवणीची कडी जागा खातात. म्हणून १९ मिमीसारख्या लहान मापात मेकॅनिकल बहुधा सरस. पुढे टिश्यू झडपेत कॅल्शियम साचून पाकळ्या ताठरतात किंवा फाटतात.

महाधमनीच्या झडपेच्या जागी खरी कसोटी मापाची. झडपेचं प्रभावी क्षेत्रफळ १.३ चौ. सेंमी आणि शरीराचं पृष्ठफळ १.८ चौ. मीटर असेल, तर भागाकार ०.७२. साधारणपणे ०.८५ किंवा त्याखाली झडप शरीराला अपुरी, ०.६५ किंवा खाली गंभीर. हा हिशेब शस्त्रक्रियेआधीच करायचा.